बाटलीतलं गुलाबी विष

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली आणि कापड रंगवण्याच्या कारखान्यातली सगळी माणसं डबे तसेच टाकून अंगणाकडे पळाली. भुकेली माणसं डबा सोडून पळतात तेव्हा पुढे एक तर आग असते, नाहीतर चमत्कार. इथे चमत्कार होता. वाळत घातलेल्या कापडांच्या मधोमध, उलट्या घातलेल्या पिंपावर बाटलीबुवा मांडी ठोकून बसले होते.

"आणा, जुन्या बाटल्या आणा!" बुवा गरजले. "एकदा रिकामी करून पुन्हा भरलेली बाटली म्हणजे साक्षात नागीण! प्लॅस्टिकला आठवण असते, बाळांनो. तुम्ही चिडून पाणी प्यालात, बाटलीनं राग धरला. पुन्हा भरलीत, राग पाण्यात उतरला. आणि रागाचं काय होतं?"

"विष!" भट्टीवरचा कामगार ओरडला. तो रोज चिडूनच पाणी प्यायचा, त्यामुळे त्याला लगेच पटलं.

बुवांनी त्याचीच बाटली घेतली. आपल्या पांढऱ्या फडक्यानं तिचं तोंड आतून-बाहेरून मायेनं पुसलं, टोपण लावून गदागदा हलवली आणि कुपीतले दोन थेंब आत सोडले. पाणी गुलाबी झालं. फिकट नाही, चांगलं भडक! मग त्यांनी स्वतःच्या बाटलीत तेवढेच थेंब टाकले. ते पाणी होतं तसंच राहिलं. शेवटी गुलाबी पाण्यात चिमूटभर भस्म पडलं आणि रंग पार नाहीसा झाला. भट्टीवाल्यानं तिथेच लोटांगण घातलं.

"आता हे शुद्धीचं कडं बाटलीच्या गळ्यात घाला," बुवा म्हणाले. "पण ध्यानात ठेवा, कडं घातलेली बाटली जन्मात धुवायची नाही. धुतलीत की शक्ती मोरीत गेली!"

प्लॅस्टिकचं विष उतरवणारं ते पिवळं कडंही प्लॅस्टिकचंच होतं. पण घाबरलेल्या माणसाला एवढं कुठलं दिसायला? कडी हातोहात खपली, आणि बुवा रोज सुट्टीत येऊन बसू लागले.

पहिलं कडं घेतलं ते तपासणीवालीनं. धुऊन आलेलं कापड नीट झालंय की नाही हे पाहणं तिचं काम, म्हणून सगळे तिला तपासणीवालीच म्हणत. तिचे वडील अण्णा त्याच कारखान्यात जुने रंगारी होते आणि कित्येक महिने एकाच बाटलीतून पाणी पीत होते. अण्णांच्या पोटात किती विष साठलं असेल या धास्तीनं तिचा जीव अर्धा झाला. तिनं स्वतःच्या हातानं त्यांच्या बाटलीला कडं घातलं, तेव्हा कुठे तिला हायसं वाटलं.

दोन आठवड्यांत बाटली आतून बुळबुळीत झाली. टोपण उघडलं की कुबट वास यायचा. "शक्तीचा सुगंध आहे तो," असं म्हणून अण्णा नाक न दाबता प्यायचे. आणि मग त्यांचं पोट बिघडलं.

"अण्णा, दवाखान्यात चला."

"वेडी का तू? बुवा म्हणाले, विष बाहेर पडतंय. मध्येच औषध घेतलं तर ते अर्ध्या वाटेत अडकेल."

"अहो, चार दिवस झाले! किती विष असणार?"

"बाटली जुनी आहे बाळ," अण्णा अभिमानानं म्हणाले आणि पोट धरून पुन्हा आत पळाले.

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. पाचव्या दिवशी अण्णांना सरळ उभं राहवेना. डोळे खोल गेले, ओठ सुकले. आपणच घातलेल्या कड्याला हात जोडून अण्णा पडून होते, ते तिला बघवेना.

त्याच दिवशी कामावर तिच्यापुढे धुतलेल्या कापडाचा गठ्ठा आला. रंग पक्का बसावा म्हणून कापडाला धुण्याचा सोडा लावतात आणि नंतर तो धुऊन काढतात. सोडा राहिलाय का हे बघायला कापडावर औषधाचा एक थेंब टाकायचा. कापड गुलाबी झालं तर सोडा आहे, मग आंबट पाण्यातून काढून पुन्हा धुवायला धाडायचं. दिवसातून पन्नास वेळा ती हे करायची. तिनं थेंब टाकला. कापड गुलाबी झालं. चांगलं भडक.

ती त्या डागाकडे बघतच राहिली. मग स्वतःच्या कपाळावर असा हात मारून घेतला की शेजारची दचकली.

सुट्टीची घंटा झाली. अण्णाही घरून दोघांच्या खांद्यावर भार टाकून ताजं भस्म घ्यायला अंगणात आले होते. बुवांनी नुकतीच एक बाटली पुसून, हलवून गुलाबी केली होती. तपासणीवाली पुढे झाली आणि तिनं नम्रपणे हात जोडले.

"बुवा, आज तुमच्या बाटलीची सेवा मला करू द्या." एवढं म्हणून तिनं बुवांची बाटली आणि बुवांचंच फडकं उचललं आणि बाटलीचं तोंड आतून-बाहेरून पुसायला लागली.

"अगं ए! पुसू नकोस!" बुवा पिंपावरून अर्धे उठले.

"का हो? आमच्या तर रोज पुसता."

"माझी... माझी स्वयंशुद्ध आहे!"

"मग पुसल्यानं काय बिघडणार?" तिनं टोपण लावलं, बाटली गदागदा हलवली आणि बुवांच्याच कुपीतले दोन थेंब टाकले. बुवांचं पुण्यवान पाणी गुलाबी झालं.

"बुवा विषारी आहेत!" भट्टीवाला किंचाळला आणि दोन पावलं मागे सरकला.

"बुवा नाही रे, फडकं!" तिनं फडकं झटकलं. पांढरी पूड उडाली. "हा सोडा आहे. आपला रोजचा. पुसताना तोच बाटलीत पडतो. कुपीत आपलंच तपासणीचं औषध आहे. आणि हे भस्म चाखून बघते." तिनं कणभर जिभेवर ठेवलं आणि डोळे गच्च मिटले. "आंबट! लिंबूसत्त्व आहे. सोडा मेला की गुलाबी रंग गेला. हेच तर आपण दिवसभर करतो ना?"

बुवा म्हणाले, "तुमची श्रद्धाच कमी पडली," आणि उरलेली कडी झोळीत कोंबून फाटकाकडे निघाले. भट्टीवाल्यानं त्यांना वाटेत अडवून आपलं लोटांगण परत मागितलं. ते कसं परत देतात हे बुवांना ठाऊक नव्हतं, तेव्हा ते पळालेच.

अण्णांना तिनं तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी त्यांना सलाईन लावलं, मग बाटली उघडून हुंगली आणि लांब धरली.

"बाटली पुन्हा वापरणं म्हणजे विष का हो?" तिनं विचारलं.

"धड असलेली बाटली स्वच्छ धुऊन थोडे दिवस वापरलीत तर लगेच काही होत नाही. पण तोंड लावून प्यायची आणि धुवायचीच नाही, मग जंतू वाढणारच. रोज साबणानं धुवा, कोरडी होऊ द्या. गरम पाणी त्यात भरू नका, उन्हात ठेवू नका, प्लॅस्टिकमधलं नको ते पाण्यात उतरू शकतं. चरे पडले, तडा गेला की फेकून द्या. कायमची हवी असेल तर स्टीलची घ्या."

"आणि मंत्र?"

"साबण लावताना म्हणा हवा तर."

आठवड्यानं अण्णा कामावर आले. माणसं भोवती जमली, कोणी बुवांना शिव्या घालायला लागलं. अण्णांनी हात वर केला.

"त्याला काय बोलता? मी एकोणचाळीस वर्षं सोड्यात हात घालून उभा आहे. थेंबानं कापड गुलाबी का होतं, ते मी झोपेतसुद्धा सांगेन. तुम्हीही सांगाल. तरी बुवा आले त्या पहिल्या दिवशी आपल्यापैकी एकानंही तोंड उघडलं नाही, कारण आपण घाबरलो होतो. घाबरा, त्यात लाज नाही. पण घाबरून झाल्यावर तरी विचारा, की बाबा रे, हे कशानं होतं? माझ्या पोरीनं विचारलं, म्हणून आज मी तुमच्यासमोर उभा आहे."