विहिरीकडचा ब्लॉक

अप्पा नवलकरांनी आयुष्यात एकच चूक केली, असं पुढं सगळे म्हणत. म्हणताना आवाज खाली आणत, जणू चूक शेजारच्या खोलीत झोपली आहे आणि जागी होईल.

चाळीस वर्षं अप्पा फोर्टातल्या एका सॉलिसिटरकडे कारकून होते. जमिनींचे कागद तपासणं हे त्यांचं काम. जागा कोणाकडून कोणाकडे आली, मध्ये कोण वारलं, कोण दत्तक गेलं, कुठल्या विधवेची सही राहून गेली, हे त्यांना पिवळ्या कागदांतून दिसायचं. त्यांच्या स्वतःच्या नावावर मात्र मुंबईत पाय ठेवण्याएवढीही जमीन नव्हती. जुनं पाठारे प्रभूंचं घराणं. गिरगावात आजोबांची वाडी होती. आजोबांनी ती विकली, आणि नातू त्याच वाडीत दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून राहिला. आडनाव तेवढं मालकाचं उरलं.

त्या दोन खोल्यांत सुमती सून म्हणून आली तेव्हा सतरा वर्षांची होती. आता तिची नलू सतराची झाली. मधल्या काळात सुमतीनं दागिना मागितला नाही, माहेरपण मागितलं नाही. तिला एक दार हवं होतं, लावून घेता येईल असं. चाळीत स्वयंपाकघरापुढून सगळ्यांची ये-जा. भाजायला ठेवलेल्या भानोल्यात कोलंबी किती पडली ते तिसऱ्या बिऱ्हाडाला आधी कळायचं. रडायचं झालं तर चुलीत फुंकर घालता घालता रडायचं, म्हणजे धुरावर ढकलता येतं.

पंचावन्न साली ज्ञातीतल्या सात कुटुंबांनी मिळून सोसायटी काढली. गुरुदत्तराव सेक्रेटरी झाले. प्रभादेवीला, समुद्र ऐकू येईल इतक्या अंतरावर, एक जागा मिळाली. मालक लॉरेन्स, तिथलाच मूळचा ख्रिस्ती माणूस. पुढं मोकळी जमीन, मागं विहीर आणि विहिरीला लागून त्याचं दोन खोल्यांचं कौलारू घर. मुलगा त्याला वांद्र्याला बोलावत होता, म्हणून तो सगळंच विकायला तयार झाला. घर शेवटी पाडायचं ठरलं.

कागद अर्थातच अप्पांनी तपासले. फी घेतली नाही. वर वकील करायची गरज कोणाला वाटलीच नाही. अप्पा म्हणाले ना, मग झालं.

लॉरेन्सचा बाप मृत्युपत्र न करता गेला होता. मुलं दोन, लॉरेन्स आणि धाकटी बहीण जसिंता. जसिंता वीस-बावीस वर्षांपूर्वी मंगळूरकडच्या एका कॉन्व्हेंटात नन झाली होती. अप्पांनी लॉरेन्सला तिच्या सहीचं विचारलं. तो छातीवर क्रूस करून म्हणाला, "ती आता देवाची झाली, अप्पा. तिला कशाला जमीन?"

अप्पांना ते चटकन पटलं. त्यांच्या ऑफिसात अशिलं सगळी हिंदू. संन्यास घेतलेल्याचं नाव वारसांतून काढायचं, तो घरादाराला मेलेला, हे त्यांनी शंभरदा लिहिलं होतं. ख्रिस्ती माणसाच्या वारसाला तो नियम लागत नाही, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली: बहिणीने संन्यास घेतला आहे, हक्क नाही. खाली सही केली, शाई टिपली आणि चहा मागवला.

ब्लॉक चिठ्ठ्या टाकून वाटले. सुमतीच्या नशिबी तळमजल्यावरचा, मागचा, विहिरीकडचा आला. बाकीच्या बायका हळहळल्या. गुरुदत्तरावांची बायको बेबी म्हणाली, "विहिरीतले बेडूक येतील गं राहायला. भाडं लाव त्यांना." सुमती हसली. तिला तो मागचा कोपराच आवडला होता. कोणाच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर नाही. भिंती गुडघ्याएवढ्या झाल्या तेव्हापासून ती दर रविवारी जाऊन उभी राहायची. इथं ओटा, इथं मांडणी, इथं नलूला वाचायला बसता येईल. अलिबागकडची तिची आई ओव्या रचायची. तो झरा हिच्यात कुठंतरी होता. एका रविवारी विटांवर बसून तिनं आपल्यापुरती गुणगुणली:

नव्या गं घराला
दोनच खिडक्या
येती वारा-ऊन
जशा लेकी लाडक्या

शेवटचा हप्ता भरायला पैसे कमी पडले. गिरगावच्या घरमालकाला खोल्या रिकाम्या हव्याच होत्या. त्यासाठी तो रक्कम द्यायला तयार होता. ती घेतली, भाडेपावती त्याच्या हवाली केली आणि हप्ता भरला. गिरगाव सुटलं. सुमतीनं मागं वळून पाहिलं नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

छप्पन साल उजाडलं ते गोळ्यांच्या आवाजात. मुंबई महाराष्ट्राला नाही म्हटल्यावर शहर पेटलं. गिरगाव, लालबाग, दादर, सगळीकडे कर्फ्यू. सोसायटीचे गवंडी, बिगारी गावी निघून गेले. दारं-खिडक्या बसायच्या होत्या त्या राहिल्या. पण नवलकरांना जायला दुसरी जागाच नव्हती. ते बिनदाराच्या ब्लॉकमध्ये राहायला आले. सुमतीनं चौकटीला गोधडी लावली आणि आतून दोन सेफ्टी पिना टोचल्या. त्या रात्री ती लग्नानंतर पहिल्यांदा निर्धास्त झोपली. सुमतीचा नवरा मनमोहन विमा कंपनीत होता. तो रोज सभांना जायचा, घसा बसवून यायचा. ती त्याला मिठाचं पाणी द्यायची आणि चिडवायची, "मुंबई मिळेल तेव्हा मिळेल. आधी मला एक कडी आणि कोयंडा मिळवून द्या."

दारं मार्चमध्ये बसली. जसिंता एप्रिलमध्ये आली.

तिच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती आणि अंगात नवखा दिसणारा साधा झगा. फुप्फुसं अधू झाली होती, आणखी काही झालं होतं ते ती सांगत नसे. रीतसर परवानगी घेऊन ती कॉन्व्हेंट सोडून आली होती. भाऊ वांद्र्याला मुलाकडे, तिथं सुनेनं दोनच दिवस ठेवून घेतलं. मग ती बापाच्या घरी आली. विहिरीजवळच्या त्या दोन खोल्या अजून पाडायच्या होत्या. कुलूप गंजलेलं होतं. अप्पांनीच ते दगडानं फोडून दिलं. लॉरेन्सकडची कोणी असेल एवढंच त्यांना वाटलं; ती कोण हे तोवर त्यांना माहीत नव्हतं.

नाव ऐकलं आणि अप्पा विहिरीच्या कठड्यावर बसले.

महिन्याभरात तिच्या वकिलाची नोटीस आली. पुढं कोर्टाचा मनाईहुकूम. अर्धी जमीन तिची, तिनं विकलेली नाही, बांधकाम थांबवा. वरचे चार आणि खालचे दोन ब्लॉक अर्धवट होते, ते तसेच राहिले. सहा कुटुंबं भाड्याच्या, उसन्या जागांत अडकून पडली. लोक प्रभादेवीला यायचे, छपराविना उभ्या भिंती बघायचे, आणि अप्पांशी न बोलता जायचे. ओरडलं कोणीच नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं अप्पा एकदा नलूला म्हणाले.

सुमती आणि जसिंता एकाच विहिरीवर पाणी भरत. पहिले काही दिवस सुमतीनं तोंड फिरवलं. मग एकदा जसिंताला खोकल्याची उबळ आली, कळशी सुटली; सुमतीनं ती ओढून काढली आणि तिच्या दारात नेऊन ठेवली. आत एक खाट, एक ख्रिस्ताची तसबीर, आणि कौलातून पडलेला उन्हाचा तुकडा. दुसरं काही नव्हतं.

जसिंता थांबत थांबत बोलली. इतकी वर्षं मराठी बोलली नव्हती. "बाई, आमी चाळीस जणी एका हॉलमधी झोपायचो. पडदा पण नाय. मना फक्त एक दार पायजे. मरेपर्यंत."

सुमतीला तिचा राग धरायचा होता. त्या दिवसानंतर तोही हाती लागेना.

दोन वर्षं तारखा पडत राहिल्या. अखेर अठ्ठावन्नच्या दिवाळीनंतर वकिलांकडून निरोप आला, की बाई तडजोडीला तयार आहे. जमिनीवरचा हक्क ती सोडेल, सह्या करेल. बदल्यात तळमजल्यावरचा एक ब्लॉक तिला द्यावा. जिने तिला चढवत नाहीत.

सात कुटुंबं, सात ब्लॉक. गुरुदत्तरावांच्या बिऱ्हाडी बैठक झाली. मनमोहन कुठल्याशा सभेला गेला होता. अप्पा एकटेच गेले. तिथं काय झालं ते सुमतीला बेबीकडून कळलं, दुसऱ्या दिवशी सकाळी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, ती म्हणाली. मग अप्पा उठले, धोतराचा सोगा सारखा केला आणि म्हणाले, नोंद माझ्या अक्षरातली आहे, ब्लॉकही माझाच जाईल. सगळ्यांचे डोळे भरून आले. गुरुदत्तराव त्यांच्या पाया पडले. "केवढं मोठं मन गं तुझ्या सासऱ्यांचं," बेबी म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती की सुमतीला तिथं बघवेना.

मनमोहननं मान खाली घातली. अप्पांनी शब्द दिलाय, तो म्हणाला. भरलेले पैसे परत मिळतील. सुमतीनं विचारलं नाही की त्या पैशांत आता कुठं काय येतं. गिरगावातल्या एका खोलीची पागडीसुद्धा त्यात भागली नसती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

अप्पा संध्याकाळी आले तेव्हा तिनं त्यांना पाणी दिलं. ते पिऊन होईतो थांबली. वीस-एकवीस वर्षांत ती त्यांच्यासमोर मान वर करून बोलली नव्हती.

"अप्पा, चूक तुमची होती. घर माझं होतं."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. ते कलंडलं, घरंगळत भिंतीपाशी गेलं, आणि दोघंही ते थांबेपर्यंत बघत राहिले. मग अप्पा म्हणाले, "सुनबाई, माझ्याकडे द्यायला दुसरं काय होतं?"

त्यांच्याकडे खरंच दुसरं काही नव्हतं, आणि जे होतं ते त्यांचं नव्हतं. सुमती आत गेली, दार लावलं, कडी घातली. ओट्याला टेकून बसली. आता इथं मनाजोगं रडता आलं असतं. कोणी पाहणारं नव्हतं. पण रडू आलं नाही. बाहेर अप्पा नलूला हळू आवाजात दिवाबत्ती करायला सांगत होते.

निघायच्या दिवशी जसिंता ब्लॉक बघायला आली. उंबऱ्याबाहेरच थांबली. सुमतीनं तिला आत घेतलं, दाखवलं: ही खिडकी पावसाळ्यात लावून घ्यायची, समुद्राकडून झड येते. मोरीचं पाणी तुंबलं तर काठी इथं कोपऱ्यात आहे. दार जरा उचलून ओढायचं, मग कडी बसते. जसिंतानं तसं करून पाहिलं, दोनदा. दुसऱ्यांदा तिनं बाहेरून दार ओढलं तेव्हा आतली कडी आपोआप पडली; सुमती आत होती आणि ती बाहेर. तिनं घाईघाईनं दार ढकलायला सुरुवात केली, माफ करा बाई, माफ करा म्हणत. सुमतीनं आतून कडी काढली.

हातगाडी वडाळ्याला पोचायला तीन तास लागले. तिथं रेल्वे यार्डाच्या कडेला सुमतीचा भाऊ राजाराम एका खोलीत राहत होता, बायको आणि तीन मुलांसह. अप्पा गाडीच्या मागून चालत आले, सगळी वाट. मनमोहननं दोनदा सांगितलं बसून घ्या, ते बसले नाहीत.

भावजयीनं आधीच भिंतीवरचं एक फळकूट रिकामं करून ठेवलं होतं. फडक्यानं पुसून ती म्हणाली, "हे तुमचं, वन्सं." तिनं ते प्रेमानंच म्हटलं होतं.

सुमतीनं पोत्याचं तोंड सोडलं आणि डबे लावायला घेतले. हळदीचा, मसाल्याचा, डाळीचा, तांदळाचा. चार बसले. पाचवा तिनं हातात धरून थोडा वेळ फळीकडे पाहिलं, मग तो परत पोत्यात घातला आणि पोतं बांधलं.