कैऱ्याला आवतन

मित्रांनो, माझ्या पोटावर एक बैल आहे आणि त्यानं मला आयुष्यभर उसंत दिली नाही. मी एक जुना रबरी शिक्का आहे. हिंगोलीच्या एका कारागिरानं माझं रबर कोरलं, लाकडी ठोकळ्यावर चिकटवलं, वर मूठ बसवली. तेव्हापासून गोरेगावच्या गुरांच्या बाजारात पावत्या लिहिणाऱ्या दगडोबांच्या टेबलावर माझी नेमणूक झाली.

बैल विकला गेला की पावतीवर मी उमटायचो. ठसा किती स्वच्छ उठतो म्हणून लोक माझं कौतुक करायचे आणि मी फुगायचो. पण मी उमटलो की एका घरचा कासरा दुसऱ्याच्या हातात जायचा. बाया तोंडाला पदर लावून उभ्या असायच्या. मी तिकडे बघायचं टाळत होतो, हे आज कबूल करतो.

माझी शेवटची पावती गोजरबाईंच्या कैऱ्या नावाच्या बैलाची. त्या गोरेगावातल्याच, दगडोबांच्या शेजारच्या. नवऱ्याचे गुडघे धरले, शेतात ट्रॅक्टर आला आणि एक शिंग मोडलेला कैऱ्या बाजारात आला. पुढच्याच आठवड्यापासून पावत्या यंत्रातून निघू लागल्या. दगडोबांनी मला न पुसताच फडताळात टाकलं. शाई वाळून माझ्या बैलाचे डोळे बुजले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

वर्षभरानं दगडोबांच्या लेकीला, प्रियंकाला, मी सापडलो. तिनं जुन्या ब्रशनं मला घासून डोळे उघडून दिले. ती एका खास प्लास्टिकची लटकनं बनवते. ते तापवलं की आक्रसून लहान आणि जाड होतं. पोळा आठ दिवसांवर आला होता आणि गोजरबाईंनी सांगून टाकलं होतं, की लोकांचे सजवलेले बैल बघवणार नाहीत, त्या दार लावून बसणार. प्रियंकानं मनाशी पक्कं केलं, की पोळ्याआधी हलत्या पायांचा कैऱ्या त्यांच्या हातात द्यायचाच.

पहिला बैल पार बसका झाला. तिनं प्लास्टिकवर उठवलेल्या माझ्या एकाच ठशाचे तुकडे केले होते. एकावर एक ठेवून जोडताना पाय आखूड पडले. दगडोबांनी चष्मा पुसून तो पाहिला.

"खांद्याखाली काहून कापून राहिलीस, पोरी? बैलाचा पाय खांद्यापासून असतो."

मग तिनं मला दोनदा उठवलं. एका ठशातून धड काढलं, दुसऱ्यातून खांद्यासकट पाय आणि मानेसकट डोकं. पण भोकं दाभणानं पाडली होती, ती भट्टीत बुजून गेली. पाय हलते ठेवणारी कडी कुठून ओवणार? तरी ती हटली नाही. दगडोबांचं कागद टोचायचं जुनं पंच आणून तिनं पुन्हा मोठी भोकं पाडली. तुकडे तापून वाकडेतिकडे वळले, मग सपाट झाले, आणि भोकं कडीपुरती उरली. एक शिंग तिनं आधीच कात्रीनं उडवलं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात त्या खांदेमळणीच्या वेळी, ती गोजरबाईंकडे गेली. मलाही पिशवीत घेतलं, कारण तिला लपवाछपवी करायची नव्हती. गोजरबाईंनी आधी मलाच ओळखलं.

"ह्याच शिक्क्यानं माझा कैऱ्या नेला न, माय?"

"व्हय काकू, तोच हाय," प्रियंका म्हणाली. "म्हणून तर त्याच्याकडूनच करून घेतला."

मला वाटलं, आता मी चुलीत जाणार. गोजरबाईंनी अंगठ्याएवढा कैऱ्या तळहातावर घेतला. पाय हलले. मोडक्या शिंगावर त्यांचं बोट थांबलं आणि डोळे भरून आले. त्या आत गेल्या, लोणी-हळद घेऊन आल्या आणि बरोबर कडीच्या जागी, त्याच्या खांद्यावर चोळली.

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," त्या दरवर्षीसारखं कैऱ्याला म्हणाल्या. मग तेच पिवळं बोट त्यांनी माझ्या मुठीला लावलं.

"तूबी ये."

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी गोजरबाईंचं दार उघडं होतं. आता गल्लीतल्या बाया आपापल्या बैलांच्या खुणा सांगायला प्रियंकाकडे येतात, आणि जितके बैल मी घराबाहेर काढले तितके परत नेल्याशिवाय मी झिजणार नाही. तुमच्याकडे कुणी शिक्का असेल तर काम झाल्यावर त्याचं रबर पुसून ठेवा, आमचे डोळे बुजतात. मलाही पुसा. मुठीवरची हळद मात्र राहू द्या.