अबाजींच्या वाट्याचा एक तास

सारळच्या अबाजी कीर्तनकारांच्या मरणाची खबर मुंबईहून इस्राएलात किर्यात मलाखीला बाविसाव्या दिवशी पोचली आणि पुढले नऊ दिवस मिलीबाईच्या रव्याच्या डब्यात पडून राहिली. मिलीबाई ही अबाजींची सख्खी धाकटी बहीण. पाकीट हातात आलं तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. त्याचा एक कोपरा फाडलेला होता, आणि कोपरा फाडलेलं पत्र कशासाठी येतं हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. अक्षर पुतणीचं होतं. मिलीबाईने पाकीट फोडलं नाही. तिकिटावरचा शिक्का खिडकीशी नेऊन वाचला, बोटांच्या पेरांवर दिवस मोजले, पाकीट रव्यात खुपसलं आणि झाकण घट्ट बसवलं.

भाऊ गेल्याची बातमी तीस दिवसांच्या आत कानावर आली, तर बहिणीने सात दिवस जमिनीवर बसायचं. तीस दिवस उलटल्यावर आली, तर ती लांबची खबर. तिला एक तास पुरतो. तास झाला की उठायचं, चपला घालायच्या आणि कामाला लागायचं. आपला यहुदी धर्मच तसा आहे. मिलीबाईला तो तास हवा होता, सात दिवस नको होते.

ती काही कामचुकार नव्हती. कुपत खोलिमच्या दवाखान्याची लादी ती अशी पुसायची की डॉक्टर बूट काढून आत यायचा. पण सात दिवस सगळी वस्ती आपल्या दोन खोल्यांत येऊन बसणार, अबाजींचे गोडवे गाणार, आणि आपण तोंडाला कुलूप लावून ऐकणार, हे तिच्याच्याने होणार नव्हतं.

कारण वस्तीत अबाजींची तसबीर नाही असं बेने इस्राएलांचं एकही घर नव्हतं. ग्रामोफोनवर त्यांच्या दोन रेकॉर्डी निघालेल्या. कुलाबा जिल्ह्यातल्या गावात ते येणार म्हटलं की घाण्याला जुंपलेला बैलसुद्धा त्या दिवशी सुटायचा. मोशेने आपली माणसं मिसरातून बाहेर काढली ते आख्यान लावावं तर त्यांनीच. शेवटाला ते काठी आपटायचे आणि गर्जायचे, ‘चला रे चला, दुधामधाच्या देशी चला!’ पन्नास साली मुंबईत त्यांनी ते आख्यान सात वेळा लावलं, आणि पुढल्या वर्षी अर्धे श्रोते भांडीकुंडी विकून खरोखरच निघाले. सगळ्यांत पुढे मिलीबाईचा नवरा येहेझकेल. गिरणीतला चांगला फिटर होता तो. इथे उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात टिकाव आला आणि रस्त्यासाठी दगड फोडणं नशिबी आलं.

आणि अबाजी? अबाजी भायखळ्याच्या खोलीत पंख्याखाली राहिले. दर वर्षी त्यांचं पत्र यायचं, पुढल्या पेसाहच्या सणाला येतो, खाट तयार ठेवा. येहेझकेलने नव्या माणसांना बिऱ्हाड देणाऱ्या सोखनूतच्या कचेरीत तीन कारकुनांशी भांडून मेहुण्यासाठी एक जादा लोखंडी खाट मिळवली. सात वर्षं पेसाह आला की तो ती पुसायचा. आठव्या वर्षी दगड फोडता फोडताच त्याचं हृदय बंद पडलं, आणि खाट तशीच राहिली.

हे सगळं मिलीबाई रोज बोलायची. भाजी चिरताना बोलायची, लादी पुसताना बोलायची, मुलगा मेनाशे जेवायला बसला की त्याच्या ताटावर बोलायची. लोकांसमोर मात्र एक अक्षर नाही. लोकांसमोर अबाजी म्हणजे अबाजी!

दिवस भरल्यावर, म्हणजे एकतिसाव्या दिवशी सकाळी, तिने पाकीट प्रार्थना चालवणाऱ्या हझान बिन्यामिनभाऊंच्या हातात दिलं. आजच आलं, म्हणाली. पोस्टाचा कारभार सगळ्यांना ठाऊक होता, कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. बिन्यामिनभाऊंनी पत्र वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले, आणि दिवस दोनदा मोजले.

“लांबची खबर, मिलीबाई. येकच तास. चारला बसा, पाचला उठा,” ते म्हणाले. मग घसा खाकरून, “आणखी येक हाय. प्रार्थनेला बांधलेल्या आपल्या नव्या बेत क्नेसेतच्या दारावर दगड बसवतोय. त्यावर अबाजींचं नाव घालू म्हणतो. ‘आम्हांला इथे आणणारे.’ तुम्ही सख्ख्या बहीण. तास झाला की लोकांसमोर तुम्ही व्हय म्हणा, उद्या कोरायला देतो.”

मिलीबाईने मान हलवली. नक्की कशाला हलवली ते तिने सांगितलं नाही. बारा वर्षं गिळलेलं सगळं तिने पाच वाजेपर्यंत राखून ठेवलं. तास धर्माचा, त्यात ब्र काढायचा नाही. पण पाच वाजले की ती उभी राहणार होती, आणि त्या दगडावर काय कोरायचं ते वस्तीला एकदाचं ऐकवणार होती.

त्या दिवशी वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता. सूर्य दिसत नव्हता, नुसता पिवळा उजेड सगळीकडे साचून राहिला होता. खिडकीबाहेर कोणाचे तरी वाळत घातलेले परकर एका अंगाला फुगून तसेच थांबले होते. चार वाजता मिलीबाई चपला काढून भिंतीला पाठ टेकून पांढऱ्या चादरीवर बसली. माणसं येत गेली, खाली बसत गेली. खाटेवर कोणी बसलं नाही.

“कंदी कोणाला तोडून बोलले नायत,” शेजारची सुझॅन पदराने डोळे टिपत म्हणाली. तिचे यजमान आणि येहेझकेल एकाच गिरणीतले, एकाच बोटीने आलेले.

पेटीवाल्याला भर कीर्तनात थोबाडीत मारली होती, मिलीबाईला आठवलं.

“रागाचं तर नाव नव्हतं. देवमाणूस!”

मेल्या म्हशीला मणभर दूध, मिलीबाई मनात म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

डोळे मिटल्यावर बोलणी लांब गेली. शब्द विरघळले, नुसती गाज उरली, आणि ती सारळच्या खाडीची आहे हे तिला कळलं. ती सात वर्षांची होती. ओटीवर बत्ती टांगलेली, अंगणात माणसं, आणि सतरा वर्षांचा दादा आयुष्यातलं पहिलं कीर्तन करायला उभा. तिच्या हातात झांजा. दादाने पहिली ओवी म्हटली, दुसरी म्हटली, आणि तिसरी विसरला. दादाने घाबरून तिच्याकडे पाहिलं. मिलीला काय सुचलं कोण जाणे, ती झांजा वाजवतच राहिली, जोरजोरात, थांबेचना, आणि त्या आवाजाच्या आडोशाला दादाला ओवी आठवली. लोकांना वाटलं, चालच तशी आहे. लग्न होऊन ती मुंबईला गेली तरी अबाजी तिच्याच जवळपास बिऱ्हाड करून राहिले. कीर्तनाला उभे राहिले की आधी तिला हुडकून काढायचे, मगच तोंड उघडायचे.

गाज वाढत गेली. दाराचा पडदा हलला आणि अबाजी आत आले.

पांढरा लांब कोट, काळी टोपी, आणि पायांतले पंप शू धुळीने इतके माखलेले की मुंबईहून चालतच आले असावेत. कोणी उठलं नाही, कोणी पाहिलं नाही. सुझॅनच्या मांडीला वळसा घालून ते सरळ खाटेकडे गेले आणि बसले. खाट कुरकुरली.

“चा मिळेल काय गे, मिले?” ते म्हणाले. “साखर बेताची घाल. तू लई ओततेस.”

“बारा वर्षं ठेवलेला चा हाय तो,” ती म्हणाली. “गार झाला.”

अबाजी हसले. खिडकीतून बाहेरचा पिवळा उजेड त्यांनी बराच वेळ पाहिला. “हाच काय तो देश? मी म्हणायचो तो?”

“हाच. दूध रांगेत मिळतंय, मध मी आजून बघितला नाय. दादा, तू का नाय आलास?”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोक्यावर केस राहिले नव्हते. हे तिला ठाऊक नव्हतं, पत्रात त्यांनी कधी लिहिलं नव्हतं.

“येऊन काय केलं असतं? येहेझकेलला लोखंड कळायचं, म्हणून दगडही फुटले. मला कळतात माणसं, समोर मांडी घालून बसलेली. हितं माझं मराठी कोण ऐकणार? तुझाच मेनाशे तुला इब्रानीत उत्तर देतो.”

“म्हंजे तू भ्यालास.”

“व्हय.”

“मग तसं लिहायचं होतं! येहेझकेल खाट पुसायचा रे दर वर्षी. भ्यालो, येत नाय, येवढं लिहायला काय झालं होतं?”

“ज्याच्या शब्दावर बोटी भरून माणसं गेली, त्याने असं लिहायचं?” अबाजी म्हणाले, आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे मोठे झालेले. सतराव्या वर्षीचीच ती नजर. तिचे हात आपोआप बाजूला गेले, झांजा चाचपू लागले. हाताला नुसती चादर लागत होती. तिने पुन्हा चाचपलं. काहीच नव्हतं.

“दाय! पुरे झालं!”

मिलीबाईने डोळे उघडले. दारात मेनाशे उभा होता, कामावरून आलेला, पायांत बूट तसेच. खोलीतल्या बायका त्याच्याकडे बघत होत्या.

“देवमाणूस, देवमाणूस काय लावलंय?” तो म्हणाला. “सगळ्यांना इथे पाठवलं आणि स्वतः बसला बॉम्बेत. माझा अब्बा दगड फोडून मेला. आणि हा? रक दिबुरिम! नुसती बडबड, जन्मभर बडबड!”

हे शब्द मिलीबाईचेच होते. पाच वाजता हेच म्हणायचं म्हणून ती बसली होती. पण पोराच्या तोंडून ते ऐकले आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

“जीभ आवर!” ती ओरडली. “मामा हाय तो तुझा! बूट घालून दारात उभा राहून बोलतोस? तुला काय ठाऊक त्याचं?”

“इमा, रोज तूच तर म्हणतेस!”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. मिलीबाईला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण चादरीसकट आत जावं.

“मेनाशे, बाबा,” बिन्यामिनभाऊ हळूच म्हणाले, “माणूस जाऊन महिनाच झाला. आता बोलू नये.”

“मग कधी बोलू? होता तेव्हा मोठा माणूस म्हणून बोलायचं नाही. मेला, म्हणून आता बोलायचं नाही. उद्या दगडावर चढला की त्या दगडापुढे बोलू? मला टाइम सांगा, कधी ते!”

मेनाशेचं काही चुकत नव्हतं, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

“मलाही लिहायचे,” बिन्यामिनभाऊ म्हणाले. “येतो म्हणून. मला म्हणायचे, बिन्यामिन, पहिलं कीर्तन तुझ्या घरी.”

“आमच्या ह्यांनाबी,” सुझॅन म्हणाली. “मी कंदी कोणाला सांगितलं नाय.”

कोपऱ्यात आणखी कोणीतरी मान हलवली. सगळे एकमेकांकडे असे बघत होते, जसं काही एकाच चोराने प्रत्येकाच्या घरी हात मारला होता आणि प्रत्येकाने अब्रूला भिऊन गप्प राहायचं ठरवलं होतं. बाहेर वारा पडला होता.

बिन्यामिनभाऊंनी घड्याळ पाहिलं. “पाच झाले. उठा, मिलीबाई.”

मिलीबाई उठली नाही.

बारा वर्षं तिने हेच मागितलं होतं. वस्ती ऐकायला बसली होती, कोणी अडवणार नव्हतं, उलट आता माना डोलावल्या असत्या. तिने तोंड उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

“पत्र आज नाय आलं,” ती म्हणाली. “नऊ दिवस झाले. बाविसाव्या दिवशीच आलं होतं. मला कळलं होतं काय हाय ते. मी रव्याच्या डब्यात लपवलं. सात दिवस बसावं लागू नये म्हणून.”

सुझॅनच्या हातातला पदर तोंडावरच राहिला. बिन्यामिनभाऊंनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

“मिलीबाई, हे काय केलंत?” ते म्हणाले. आणि मग बिचाऱ्यांनी मार्ग काढायचा प्रयत्न केला. “आता तीस दिवस होऊन गेले. आता बसून काय उपयोग? धर्माने तासच. झालं गेलं, उठा.”

“धर्म तुमच्यापाशी ठेवा, भाऊ. मी चोरी केली हाय. त्याचे सात दिवस त्याला देते, मग उठते. आजपासून मोजा. तुम्ही सगळे या. देवमाणूस म्हणा, काय हवं ते म्हणा. मी ऐकेन.”

“आणि दगडाचं?”

“आठव्या दिवशी सांगेन. तेव्हा बोलणार हाय मी, बिन्यामिनभाऊ, काही शिल्लक ठेवायची नाय. खाटेचं बोलेन, येहेझकेलचं बोलेन. दादा भ्याला होता, हेसुद्धा बोलेन. मग दगडावर नाव घालायचं का नाय ते सगळे मिळून ठरवा.”

मेनाशे पुढे आला, तिच्याजवळ उकिडवा बसला. त्याला काही उमजत नव्हतं. तो मराठीत म्हणाला, एकेक शब्द शोधत, “इमा, तुला बोलायचंच आहे, तर आज का नाही? सगळे आहेत. आज बोल.”

मिलीबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिची हनुवटी थरथरायला लागली होती. एकतीस दिवसांत, आणि त्यांतले नऊ तर ठाऊक असताना, तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

“आज कसं बोलू रे,” ती म्हणाली. “आज माझा भाऊ मेलाय.”