जेवनी का

माझी बायको संजना नामपूरची, मी सिन्नरकडचा. टेम्पो घेऊन मी सारखा बाहेर असायचो, म्हणून ती आणि मुलगी सायली नामपूरलाच राहिल्या. घरी गेलो की मायलेकी अहिराणीत बोलत बसायच्या. मधेच माझ्याकडे बघून हसायच्या. काय झालं विचारलं की संजना म्हणायची, "तुम्हाला नाही कळायचं." माझ्याशी ती मराठीत बोलायची, पाहुण्याशी बोलावं तशी. तेव्हासुद्धा मी मनात जळायचो.

दिवाळीनंतर संजना डेंग्यूने गेली. टेम्पो सोडून मी रिक्षा घेतली, सायलीला पंचवटीत आणलं, शाळेत नाव घातलं. 'आहे' म्हणायच्या जागी ती 'शे' म्हणाली की वर्गातली पोरं "शेऽ शेऽ" करून ओरडायची. सायली बोलायची बंद झाली. आधी शाळेत, मग घरी. जेवणही तुटलं.

सरकारी दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, "घशात काही दोष नाही. आई गेली, गाव सुटलं. जिथे भीती वाटणार नाही तिथे ती बोलेल. जोर करू नका."

बापाजवळ कसली भीती? मला वाटलं, पहिल्यांदा बोलेल ती माझ्याशीच.

एका दुपारी भाजीबाजारात गेलो. तिथे गोजराबाई म्हणून म्हातारी मेथी विकते. तिच्या गोणपाटावर सायली बसली होती. शाळेतून परस्पर तिथे आली होती. जुड्या बांधत, मधेच म्हातारीच्या भाकरीचा घास खात ती भराभरा अहिराणीत बोलत होती. मला पाहिलं आणि गप्प झाली.

म्हातारी म्हणाली, "या जवाई. नामपूरना जवाई, नि तुले अहिराणी येस नही म्हने?"

म्हणजे माझ्याबद्दलही बोलून झालं होतं. मी सायलीचा हात धरला आणि निघालो.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मीच तिला रिक्षातून घरी आणायला लागलो. तिच्या आवडीची शेवभाजी केली. तिने ताटाला हात लावला नाही. पुढेही तेच. मग एका सकाळी वेणी घालताना ती चक्कर येऊन खाली बसली.

मी गोजराबाईकडे गेलो. तिच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मेथीकडे बघून विचारलं, "तिला जेवायला कसं सांगता?"

"सांगनं काय? जेवनी का, इतलंच इचारस मी."

"जेवलीस का, एवढंच?"

"तिनी माय बी हाईच इचारे, पोर सांगे."

संजनाचं हे मला या बाईकडून कळावं. रस्ताभर तो शब्द घोकत घरी गेलो. ताट वाढलं.

"सायली, जेवना का?"

तिने ताटावरून वर बघितलं. मग तोंड वाकडं केलं.

"जेवनी," ती म्हणाली. "'जेवना' पोऱ्याले म्हनतस."

"मला काय माहीत?"

"आजीले इचार."

आजी म्हणजे गोजराबाई. मी पुन्हा मनात जळलो. पण पोरीने भाकरी मोडली होती.

संध्याकाळी तिला रिक्षात बसवलं आणि बाजारात नेलं. गोणपाटाच्या कडेला मीही बसलो. म्हातारीने माझ्यापुढे मेथी लोटली, सायलीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि दोघी माझ्याकडे बघून हसल्या.

"काय म्हणाली गं?" मी विचारलं.

सायली तोंडावर हात धरून हसतच राहिली. मी मेथी निवडायला घेतली.