साठ ग्रॅम

शिकंज्याचं चाक बाइंडरने दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले, दातओठ खाल्ले. चाक तसूभर हललं नाही. खाली फळ्यांच्या मध्ये ग्रंथालयाची बारा पुस्तकं ओल्या खळीनिशी वाट बघत होती. वेळेत दाब बसला नाही तर पुठ्ठे वाकडे होणार, हे त्यांना नसलं तरी त्याला ठाऊक होतं. तीस वर्षं हे चाक त्याने एका हाताने फिरवलं होतं. दुसऱ्या हातात चहाची बशी असायची.

पलीकडे पुस्तकांच्या पाठीचं कापड बेतत बसलेल्या बायकोने कात्री ठेवली, उठून आली आणि श्वास रोखून चाक फिरवलं. दोन आटे, मग अर्धा. मग ती जागेवर गेली आणि बराच वेळ कात्री न उचलता बसून राहिली. त्याला वाटलं, आपल्याकडे बघायचं ती टाळते आहे.

पोटाची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले होते. त्याआधी त्याचं वजन एकशे छत्तीस किलो होतं आणि गल्लीत त्याला सगळे ‘शब्दकोश’ म्हणायचे. डॉक्टरांनी जठर कापून केळ्याएवढं ठेवलं, तीस किलो उतरले, आणि बायकोच्या भावाने लगेच जाहीर केलं, “शब्दकोशाची खिशात मावणारी आवृत्ती निघाली!” हसण्यात बाइंडरही होता. पण पंधरा दिवसांपासून दुकानाच्या सहा पायऱ्या त्याला साठ वाटू लागल्या होत्या. दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तपासणीत रक्तातल्या प्रथिनाचा आकडा दोन पूर्णांक आठ आला. साडेतीनच्या वर हवा होता.

“सहा आठवडे देतो,” डॉक्टर म्हणाले होते. “वर आला नाही, तर दाखल व्हायचं. शिरेतून द्यावं लागेल. आणि मग दुकान विसरा.”

मेहुणा त्याच संध्याकाळी डझनभर अंडी घेऊन हजर झाला.

“दाजी, रोज दोन. पाप माझ्या नावावर.”

“नको रे.”

“अहो, जीव मोठा की हट्ट?”

बाइंडरने मान हलवली. तो तर पुस्तकालाही सरस लावत नसे. सरस जनावराच्या कातड्याचा. त्याचं सगळं काम गव्हाच्या खळीवर चालायचं.

“खळीने पुस्तक टिकतं, दाजी,” मेहुणा उठता उठता म्हणाला. “माणूस नाही टिकत.”

बाइंडरला ते लागलं. लागण्याचं कारण असं, की त्याने नियम मोडलाच नव्हता. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, रोज साठ ग्रॅम. कारागीर माणूस, मापाला तो देव मानायचा. दुकानातला छोटा तराजू त्याने स्वयंपाकघरात आणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन तो दवाखान्यात गेला आणि त्याने बाईंना तेच सांगितलं. त्या त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या.

“ताई, साठ ग्रॅम म्हणजे साठ ग्रॅम. सकाळी वीस, दुपारी वीस, संध्याकाळी वीस. काटा हलू दिला नाही.”

“वीस ग्रॅम काय, काका?”

“कधी डाळ. कधी हरभरे, शिजवून कुस्करून.”

बाईंचं पेन थांबलं. “म्हणजे दिवसभरात साठ ग्रॅम डाळ?”

“तंतोतंत.”

“काका, साठ ग्रॅम डाळ नाही. डाळीतलं प्रथिन साठ ग्रॅम.”

त्याला कळेना. बायकोकडे पाहिलं, तिलाही कळलेलं दिसलं नाही. बाईंनी टेबलावरचा एक छापील कागद त्याच्यापुढे सरकवला, प्रथिन कमी पडल्याच्या खुणांचा. काही सुचेना म्हणून त्याने सवयीने तो बोटांत चोळला.

“सत्तर ग्रॅमचा आहे,” तो म्हणाला. “बरा कागद आहे.”

“सत्तर ग्रॅम? एवढासा कागद?”

“अहो ताई, हे पान तराजूत घातलं तर साडेचार ग्रॅम भरणार नाही. सत्तर म्हणजे पानाचं वजन नव्हे. तो आकडा वेगळ्याचाच असतो, एक चौरस मीटर कागद घेतला तर त्यात...”

तो थांबला. कागद हातात तसाच राहिला.

“हातातल्या वस्तूचं वजन नव्हे,” तो हळू आवाजात म्हणाला.

“अगदी तेच,” बाई म्हणाल्या.

नवशिक्या गिऱ्हाइकांना तीस वर्षं जी गोष्ट तो हसत हसत समजावत आला होता, तिच्यावरच तो स्वतः सपशेल आपटला होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात शेजारी बायकोला हसू फुटलं आणि दाबता दाबेना. मग बाईंनाही. शेवटी तोही हसला, आणि हसता हसता त्याने पेन मागून घेतलं.

“आता सांगा. कशात किती?”

घरी येऊन त्याने तळहाताएवढी वही बांधली. दह्याचं पाणी काढून उरलेल्या घट्ट गोळ्यात किती, सोयाच्या चुऱ्यात किती, दुधाच्या भुकटीत किती, भाजून कुटलेल्या शेंगदाण्यात किती, सगळं तीत उतरलं. अडचण एकच होती. पोटात जागा चार घासांची, आणि साठ त्यात बसवायचे. बाइंडर म्हणाला, हे तर जाड पुस्तकाला पातळ कागद शोधण्यासारखं आहे. कमी जाडीत जास्त मजकूर. दिवसातून सहा वेळा चार चार चमचे ठरले. शिवाय डबीत मिळणाऱ्या प्रथिनाच्या भुकटीचा एक चमचा सकाळच्या दुधात.

राबवायचं काम बायकोचं होतं, आणि ती कसली ऐकते!

“चावा. बत्तीस वेळा.”

“अगं, दह्याला काय चावू?”

“चावा म्हटलं ना? आणि पाणी नंतर, अर्ध्या तासाने.” असं म्हणून ती पाण्याचा जग उचलून स्वतःच्या बाजूला ठेवायची.

पहिल्या आठवड्यात दोनदा उलटी झाली. सोयाचा चुरा त्याला खळीत भिजलेल्या भुश्शासारखा लागायचा. ती तो कधी टोमॅटोत परतायची, कधी डाळीत जिरवायची. डाळ शिजली की ती हलवू द्यायची नाही. वरचं पाणी निवळलं की काढून घ्यायची आणि खालचा घट्ट गाळ त्याच्या वाटीत घालायची. तिसऱ्या आठवड्यात पायऱ्या पुन्हा सहा झाल्या. पाचव्या आठवड्यात मेहुण्याने दारातून विचारलं, “काय दाजी, अंडी आणू?” बाइंडरने वही उघडून त्याला शेंगदाण्याचं पान वाचून दाखवलं. अंड्यांचं नाव मेहुण्याने पुन्हा काढलं नाही.

सहा आठवड्यांनी आकडा आला तीन पूर्णांक नऊ.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “अंडी सुरू केलीत का?”

“नाही.”

“मग?”

“खळ,” बाइंडर म्हणाला. डॉक्टरांना काही कळलं नाही, आणि त्यानेही समजावलं नाही.

दवाखान्यातून तो थेट दुकानात आला. मेहुण्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. शिकंज्यात नवी चळत भरली, बाह्या दुमडल्या, आणि चाकाला एक हात लावला. एक आटा. दुसरा. तिसऱ्याला लोखंड कुरकुरलं, फळ्यांच्या कडेने खळीचा थेंब बाहेर आला.

“बशी आण रे,” तो मेहुण्याला म्हणाला. “हा हात रिकामाच आहे.”

मेहुण्याने हात जोडले. “टिकतो, दाजी. खळीनेही माणूस टिकतो.”

मेहुणा गेल्यावर बाइंडरने वहीच्या शेवटी तो छापील कागद चिकटवायला घेतला. सत्तर ग्रॅमचा, आठवण म्हणून. खळ लावायच्या आधी एकदा वाचला. केस गळणे. तो टकलावरून हात फिरवत हसला. ते काम कधीच उरकलं होतं. मग त्याला सकाळचा कंगवा आठवला. दातांत लांब केसांचा पुंजका होता. नखे फुटणे. समोर बायको कापड बेतत होती. अंगठ्याला चिकटपट्टी होती, महिनाभर तरी असेल. थोड्या श्रमाने दम लागणे.

ब्रश खळीत तसाच राहिला.

“अगं, दुपारी काय जेवलीस?”

“भात. आणि डाळ.”

“कुठली डाळ? वरची की खालची?”

ती हसली. “खालची तुमची नाही का? वरचं पाणी वाया थोडंच घालवायचं!”

त्याने वही उघडली. डाळीचं पान काढलं आणि वाचलं. निवळलेल्या पाण्याचा आकडा त्यात नव्हता. तो त्याने कधी विचारलाच नव्हता.

संध्याकाळी जेवायला बसताना त्याने दोन वाट्या मांडल्या. दोन्हींत घट्ट डाळ, दोन्हींत सोयाचा चुरा. तिच्या वाटीजवळ एक नवी वही होती, जुनीपेक्षा जाड, पाठीला लाल कापड. वर लिहिलं होतं, ‘खंड दुसरा’.

“हे काय?” ती म्हणाली. “माझं कुठे पोट कापलंय?”

“म्हणूनच तर. तुझ्यात जागा आहे.”

तिने वहीवरून बोट फिरवलं. पाठीची शिवण उलटीसुलटी तपासली, जशी ती गिऱ्हाइकाला देण्याआधी तपासायची. मग पहिला घास घेतला आणि गिळायला घाईघाईने पाण्याकडे हात नेला.

बाइंडरने जग उचलून स्वतःच्या बाजूला ठेवला.

“चावा,” तो म्हणाला. “बत्तीस वेळा.”