गोदाबायचे गुडघे

मागल्या दारच्या पायरीवर बसून राही आपल्या वहाणांना तेल पाजत होती. बोट वाटीत बुडवायचं, शिवणीतून फिरवायचं, वहाण कानाशी नेऊन वाकवायची, आणि ती जराशी जरी कुरकुरली तरी पुन्हा बोट वाटीत. खोबरेल घरच्या नारळांचं होतं, म्हणून कोणी हात धरत नव्हतं.

“माझ्या केसांना कधी इतकं तेल लावलं नायस गो,” चुलीपुढून गोदाबायचा आवाज आला.

“कातडं कडक झालंय, आये. चावतं.”

सासूशी खोटं बोलायची राहीला सवय नव्हती, त्यामुळे ती वहाणेकडे बघूनच बोलली. कातडं चावत नव्हतं. वाजत होतं.

राही व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली. पौषापासून ती मुलींच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर जात होती. वाडीतली पहिलीच मास्तरीण. हेडमास्तरीणबाईंनी तिच्या पायांकडे बघून सांगितलं होतं, की शाळेत अनवाणी यायचं नाही, मुली शिक्षिकेचे पायसुद्धा वाचतात. तेव्हा हरिश्चंद्राने, तिच्या नवऱ्याने, मुंबईहून एका गाववाल्याच्या हाती या वहाणा धाडल्या. बाईमाणसाच्या पायात वाडीने पाहिलेल्या त्याही पहिल्याच.

पाखाडीच्या पायऱ्या उतरलं की बाजार, आणि बाजाराच्या तोंडाशीच आत्माराम शेटचं तपकीर-तंबाखूचं दुकान. दुकानापुढे एक लांब फळी. त्या फळीवर शेटचा भाचा बाबल्या आणि त्याचे सोबती सकाळपासून ठाण मांडून असत. कामधंदा शून्य आणि आव सुभेदाराचा. राही आली की बाबल्या टाळूला जीभ लावून तिच्या वहाणांचा ठेका धरायचा. चट्-पट्, चट्-पट्. बाकीचे मांडीवर थापा मारायचे. ती हळू चालली की ठेका हळू, ती घाईने निघाली की दुगणीत. स्वतःच्या पायांवर दुसऱ्याने ताल धरला की चालायचं कसं तेच माणूस विसरतं. एकदा भर बाजारात ती स्वतःच्याच पायात अडखळली आणि फळीवर हशा पिकला. म्हणून हे तेल.

तेलाने वहाणा मुक्या झाल्या खऱ्या. दुसऱ्या दिवशी बाबल्याने तो आवाज तोंडाने काढला, पहिल्यापेक्षा मोठ्याने. मग राहीने वहाणा पिशवीत घातल्या. पाखाडीच्या पायथ्याशी काढायच्या, शाळेच्या फाटकाशी घालायच्या.

“आज घोडीचे नाल पडले वाटतं,” फळीवरून कोणीतरी म्हणालं.

सांगायचं कुणाला? शेजारच्या सगुणाची जनी चौथीत सगळ्यांत हुशार होती. गेल्या वर्षी कोणीतरी गाणं म्हणत तिच्यामागून पाखाडीपर्यंत आलं. पोरीने घरी येऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पोर शेणी थापायला बसली. गाणं म्हणणारा अजून गात फिरत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण आपल्याकडे न्याय असाच चालतो. राहीच्या वर्गातल्या मुली आता कुठे जोडाक्षरांपर्यंत आल्या होत्या. ‘बाई, माझं बघा, माझं बघा’ करत पाटी उंच धरायच्या. त्या वर्गावाचून आपण जगू शकणार नाही असं राहीला आतून वाटे, आणि म्हणून तिने तोंडाला कुलूप घातलं.

गोदाबायला सांगणं तर दूरच. गोदाबाय वाडीत प्रसिद्ध होती ती गुडघ्यांसाठी. हरिश्चंद्र रांगत होता तेव्हा धरले ते गुडघे. तेव्हापासून ती पाखाडी उतरली नव्हती. त्याआधी म्हणे नारळांची पाटी घेऊन स्वतः बाजारात बसायची. आता नारळ सगुणाबरोबर जात आणि मीठ-मिरची सगुणाबरोबर येई. मात्र पावसला माहेरी जायचं निघालं की ते गुडघे कुठे जात कोण जाणे. वरच्या वाटेने, डोक्यावर गाठोडं घेऊन, ती तरण्या बायांच्या पुढे असायची. यावर वाडी मनातल्या मनात हसे. राहीही हसली होती.

चैत्रात शाळा सकाळची झाली आणि सुटायची वेळ नेमकी टळटळीत दुपारची. जांभ्याचा रस्ता तव्यासारखा तापलेला. सगळा बाजार अनवाणी ओलांडून राही घरी आली ती चवड्यांवर, भिंत धरत धरत.

गोदाबाय पडवीत सुपारी कातरत होती. तिने अडकित्ता खाली ठेवला.

“पाय दाखव.”

“काही नाही, आये. ठेच लागली.”

“दोन्ही पायांना एकदम? दाखव म्हणते ना.”

राहीने पाय पुढे केले. तळवे फोडांनी भरले होते, एक फोड फुटून लाल झाला होता. गोदाबायने पायाकडे बघितलं, मग खांद्यावरच्या पिशवीकडे.

“आणि वहाणा?”

“पिशवीत.”

“पिशवीला चटके बसत होते काय?”

राहीला हसू येता येता रडूच आलं. मग काही राहिलं नाही. ठेका, तेल, घोडीचे नाल, सगळं तिने सांगून टाकलं. आपल्याच हाताने आपण दार लावून घेतलं, असं तिला वाटलं.

गोदाबाय उठून आत गेली आणि कोकमतेलाचा गोळा घेऊन आली. गोळा दिव्यावर धरून तिने मऊ केला आणि राहीचा पाय मांडीवर घेतला. सुनेचा पाय सासूने मांडीवर घ्यावा, ही रीत कुठलीच नव्हती. राही पाय ओढून घ्यायला लागली, पण गोदाबायची पकड घट्ट होती.

“तेल पायाला लावायचं असतं,” ती म्हणाली. मग दुसरा पाय ओढून घेत तिने विचारलं, “कुठच्या दुकानावर बसतात मेले?”

“आत्माराम शेटच्या. पुढे फळी आहे ना, तिच्यावर.”

तळव्यावर फिरणारा अंगठा थांबला.

“अजून तीच फळी,” गोदाबाय म्हणाली. ते विचारल्यासारखं नव्हतं. “जा, जेव आणि पड जरा.”

संध्याकाळी राही उठली तेव्हा पिशवी खुंटीवर रिकामी लोंबत होती. दाराशी वहाणा नव्हत्या, मागल्या पायरीवर नव्हत्या. तिने विचारलं नाही. घरात जे ठरतं ते असंच, न बोलता ठरतं, हे तिने जनीच्या बाबतीत पाहिलं होतं. भाकरी थापताना तिने मनाशी वाक्यं जुळवली. ‘आये, मी पाणंदीने लांबून जाईन.’ ‘आये, निदान वर्ष पुरं करू द्या.’ एकही वाक्य तिला पटेना. तिचं काय चुकलं होतं, ते एकाही वाक्यात येत नव्हतं.

पहाटे ती चुलीपाशी आली तर वैलाच्या उबेला तिच्या वहाणा उलट्या मांडून ठेवलेल्या. राखेने घासून पुसून त्यांचं तेल पार काढलेलं होतं. कातडं कोरडं ठणठणीत झालं होतं.

“घाल,” बाहेरून गोदाबाय म्हणाली. “फोडांवर फडकं बांध आणि घाल.”

राही बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. गोदाबायने पाटी चुंबळीवर घेतली होती, तिच्यात पाच-सहा सोललेले नारळ होते, आणि पायात होत्या सासऱ्यांच्या वहाणा. सासरे गलबतावर तांडेल होते. त्यांना जाऊन वर्षं लोटली, तरी त्या वहाणा माळ्यावर फडक्यात गुंडाळलेल्या असत आणि दसऱ्याला त्यांच्यावर फूल पडे. गोदाबायने आयुष्यात पायात काही घातलं नव्हतं. वहाणा बोटभर मोठ्या होत होत्या, म्हणून तिने त्या घोट्याशी सुंभाने करकचून बांधल्या होत्या.

“आये, लोक काय म्हणतील?”

“ते रोज म्हणतातच. चल.”

पाखाडीची पहिली पायरी उतरली आणि आवाज सुरू झाला. तांडेलांच्या वहाणा जुन्या घडणीच्या, मालक येतोय हे आळीच्या टोकाला कळावं म्हणून करकरणाऱ्या. कर्र, कर्र. तिच्यामागे राहीच्या, चट्-पट्. गोदाबाय धडाधड उतरत होती. सगुणा कुंपणाशी शेणाचा हात घेऊन उभी राहिली, तिचं तोंड उघडं ते उघडंच.

“आये, सावकाश. तुमचे गुडघे...”

“कसले गुडघे?” गोदाबाय म्हणाली आणि पुढच्या वळणाला लागली.

राही तिच्या पाठीकडे बघत राहिली. आजवर आपण ज्याला हसलो ते काय होतं, हे तिला कळायला लागलं, आणि तिचे कान तापले.

बाजार नुकता उघडत होता. माळणी पाट्या मांडत होत्या. फळीवरच्यांनी चट्-पट् ऐकलं आणि बाबल्याने सवयीने टाळूला जीभ लावली. मग दुसराच आवाज आला, कर्र, कर्र, आणि त्याला ठेका सापडेना. गोदाबाय सरळ फळीपाशी गेली. तिने पाटी उतरून फळीवर ठेवली, म्हणजे बसलेल्यांना सरकावंच लागलं.

आत गादीवर आत्माराम शेट तपकीर चाळत होता. केस पिकलेले, छातीचा भाता झालेला. त्याने डोळे बारीक करून बघितलं.

“कोण गो?”

“ओळखलं नायस? पावसची गोदा. नारळ घेऊन यायची इथनं.”

शेटच्या हातातली चाळणी थांबली. तो काहीतरी बोलायला गेला आणि त्याला उबळ आली. खरीच उबळ होती ती, दम्याची. डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो खोकला. ती संपेपर्यंत गोदाबाय शांत उभी राहिली.

“अजून बरा झाला नाय तुझा खोकला?” ती म्हणाली, माळणींना ऐकू जाईल अशा बेताने. “तेव्हा मी समोरून गेले की यायचा. रोज यायचा. मी बाजार सोडला, तरी गेला नाय म्हणायचा.” मग तिने बाबल्याकडे बघितलं. “भाच्यालापण लागला वाटतं. जपा रे. घराण्यात उतरतो असला रोग.”

कोपऱ्यातली एक म्हातारी माळीण आधी हसली. तिला त्या खोकल्याची ओळख असावी. मग तिच्या शेजारची हसली, आणि मग हसू पाटीवरून पाटीवर सरकत गेलं. शेटने मान खाली घातली आणि पुन्हा चाळायला लागला, पण चाळणीत तपकीर नव्हती.

“तू जा गो,” गोदाबाय सुनेला म्हणाली. “पोरी वाट बघत असतील. मी नारळ विकते जरा.”

राही निघाली. तिला पळावंसं वाटत होतं, पण ती पळाली नाही. चट्-पट्, चट्-पट्, आपल्या चालीने ती बाजार ओलांडून गेली. त्या दिवशी वर्गात तिने हळू आवाजात सुरुवात केली आणि नंतर मुलींबरोबर इतक्या मोठ्याने पाढे म्हटले, की हेडमास्तरीणबाई दारात येऊन बघून गेल्या.

दुपारी परतताना ती एकटी होती. फळीवर बाबल्या होता, आणखी एकजण होता. त्या दुसऱ्याने काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं, पण वहाणांच्या आवाजात ते राहीला नीट ऐकू आलं नाही, आणि तिने थांबून ऐकलंही नाही. बाबल्या तपकिरीचे डबे पुसत होता. ते पुसलेले दिसत होते, तरी पुसत होता.

पाखाडीच्या वरच्या टोकाला सगुणा उभी होती. तिच्यामागे जनी, हात धुऊन, वेणी घालून.

“उद्या किती वाजता निघता गो तुम्ही?” सगुणाने विचारलं.

“उजाडलं की,” राही म्हणाली. “जनीला पाटी आहे ना अजून?”

पोरीने पाठीमागे धरलेला हात पुढे केला. पाटी हातातच होती.

घरात गोदाबाय पडवीत पाय पसरून बसली होती. सुंभाने दोन्ही घोटे सोलवटले होते. राहीने वाटीत कोकमतेल पातळ करून आणलं, खाली बसली आणि सासूचा पाय मांडीवर घेतला.  डोळे मिटून गोदाबायने डोकं खांबाला टेकलं. घोटे झाले, टाचा झाल्या, तरी वाटीत तेल उरलं. वाया कशाला घालवा म्हणून राहीने शेजारची सासऱ्यांची वहाण ओढून घेतली आणि बोट वाटीत बुडवलं.

गोदाबायने डोळे न उघडताच तिचा हात धरला.

“त्यांना नको लावू,” ती म्हणाली. “गप्प होतील.”