मंजुश्रीचा इलाज

नणंदेच्या, समताच्या, गर्भमंगलाला म्हणजे बौद्ध रीतीच्या डोहाळजेवणाला मंजुश्री नांदुऱ्याहून सकाळच्या बसनं पिंपळगाव राजाला आली. तिच्यासाठी मोरपंखी साडी तिनं स्वतःच्या पसंतीनं घेतली होती. नवरा, संघपाल, मांडवाच्या कामासाठी आदल्या दिवशीच पुढं आला होता.

सासरी तिचे लाडच होते. सासू बेबीताई तिला पाण्याचा हंडा उचलू देत नसत, परत जाताना तुपाचा डबा बॅगेत घालत. लग्नाला तीन वर्षं होत आली, पण पाळण्याचा विषय कोणी काढला नव्हता. समताच्या सासरचे तर लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यापासून तिला टोचायला लागले होते. विशी ओलांडायच्या आतच तिला दिवस गेले. आपलं सासर समजूतदार निघालं, असं मंजुश्री मैत्रिणींना अभिमानानं सांगायची.

थांबायचं दोघांनी मिळून ठरवलं होतं. संघपाल तलाठी भरतीचा अभ्यास करायचा, घर तिच्या पगारावर चालायचं. ती एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायची. तिथं बाळंतपणाची रजा हा प्रकारच नव्हता. पोट दिसायला लागलं की दुसरी मुलगी ठेवायचे. "मले नोकरी लागू दे, मग लगेच," संघपाल म्हणाला होता. तिला लेकरांची फार हौस, तरी ती हो म्हणाली होती.

बुद्धवंदना झाली. बायका एकेक करून समताची ओटी भरू लागल्या. मंजुश्री ताट घेऊन उठली, तशी सासूची थोरली बहीण, तानाबाई, पुढं आली आणि तिनं ते ताट हळूच काढून घेतलं.

"तू राहू दे, माय. इलाज चालू आहे ना? होईल तुलेही."

"कोणता इलाज, मावशी?"

तानाबाई गडबडली. बेबीताईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "संघपालनं पहिल्याच वर्षी सांगतलं आमाले. तुह्या पिशवीत दोष आहे, अकोल्याचा डॉक्टर पाहून राह्यला. तिले काही इचारू नका, तिच्या मनाले लागते, म्हणे. तुह्या आईलेही ठाऊक आहे. रडली बिचारी माह्यापुढे."

इतके दिवस ज्याला मंजुश्री माया समजत होती, ती सगळी कीव होती.

"मले काही दोष नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "यायले नोकरी लागेपर्यंत लेकरू नको, असं आमी दोघायनं ठरवलं होतं."

तानाबाई समजुतीनं हसली. "असं कोणी ठरवते काय, पोरी?"

संघपाल मांडवाच्या कडेला पाण्याचे जार लावत होता. मंजुश्रीनं त्याला हाक मारली. "सांगा यायले. अकोल्याले कोण्या डॉक्टरकडे नेलं तुमी मले?"

त्यानं आईकडं पाहिलं, मग खुर्च्यांवर बसलेल्या वडलांकडं आणि समताच्या नवऱ्याकडं. "मंजू, घरी गेल्यावर बोलू."

कोणीतरी तिला पाणी आणून दिलं. समतानं तिचा हात धरला. "वहिनी, त्यात लाज कायची?"

परतीच्या बसमध्ये विषय त्यानंच काढला. "तुह्याच भल्यासाठी केलं मी. कोणी एक शब्द तरी बोललं काय तुले?"

"मग तुमच्यात दोष आहे म्हणून सांगायचं होतं. तरी कोणी बोललं नसतं मले."

"बायकोच्या कमाईवर जगतो, हे ऐकतोच ना मी गावात. वरून हेही ऐकू?"

"उद्या आईले फोन करा. खरं सांगा."

"करतो," तो म्हणाला. केला मात्र नाही.

उन्हाळ्यात तलाठी म्हणून त्याची निवड झाली आणि सोनाळ्याजवळच्या गावांचा साजा मिळाला. बेबीताईंचा फोन आला, तेव्हा मंजुश्री समोरच भाजी चिरत होती. आनंद झाल्याचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता तिले मोठ्या डॉक्टरले दाखव बरं." संघपालनं बायकोकडं पाहिलं आणि म्हणाला, "हाव आई, दाखवतो."

फोन ठेवून तो तिच्याजवळ येऊन बसला. "तू नोकरी सोड. आता लेकरू होऊ देऊ. सगळ्यायची तोंडं आपोआप बंद होतील."

"इलाज लागू पडला म्हणतील."

"म्हणू दे ना. आपल्याले काय फरक पडते?"

लेकरू तिला हवंच होतं. लॅबमध्ये एखादीला दिवस गेल्याचा रिपोर्ट आला की ती तो कागद दोनदा वाचायची. पण आपलं लेकरू या माणसाच्या खोट्यावर पांघरूण घालायला जन्माला यावं, हे तिला सोसवेना.

"सोनाळ्याले तुमी जा," ती म्हणाली. "आईसमोर, मावशीसमोर खरं सांगाल, त्या दिवशी मले न्यायले या."

तो गेला. फोन करायचा, पगाराचं, ऑफिसचं सांगायचा. कापूस वेचायला आला तरी ती एक गोष्ट त्याच्या तोंडून निघाली नाही. वांझ म्हणून नवऱ्यानं टाकली, असं पिंपळगावात बोललं जाऊ लागलं. त्यानं तेही खोडून काढलं नाही.

ते बोलणं कानावर आलं, तशी मंजुश्रीची आई धावत नांदुऱ्याला आली. मंजुश्रीनं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. आईनं पदरानं डोळे पुसत, आवाज खाली आणून विचारलं, "खरंच काही दोष नाही ना, मंजू?"

मंजुश्री उठली आणि कामावर जायला निघाली.